खुराखालचं माथेरान

खिळा ठोकताना बघायचं नसतं, ऐकायचं असतं. माथेरानच्या एका तबेल्यात नाल बसवणारे चाचा हे सांगतात, तेव्हा त्यांची नजर खरोखरच भलतीकडे असते. घाव कोरडा, कडक वाजला तर खिळा खुराच्या निर्जीव कवचातून चाललाय, मारा पुढचा. आवाज बसका आला की हात थांबवायचा, खिळा उपसायचा आणि नव्याने कोन धरायचा. कारण त्यापुढचा घाव जिवंत मांसात जाईल. साडेतीनशे किलोचं जनावर त्या वेळी तीन पायांवर उभं असतं आणि चौथा पाय चाचांच्या दोन मांड्यांमध्ये असतो.

ठाण्याहून आलेलं एक कुटुंब हे टाचा उंचावून बघत होतं. वडील बँकेत, आई शिक्षिका, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. माथेरानला वर्षानुवर्षं ठरावीक घोडेवाल्याकडेच जाणारी कुटुंबं मुंबई-ठाण्याकडे पुष्कळ आहेत, त्यातलंच हे एक. आई लहानपणी ज्यांच्या घोडीवर बसली होती, त्यांचा मुलगा आता तबेला सांभाळतो. तो तिला ताई म्हणतो, मुलं त्याला मामा म्हणतात. या खेपेला मुलीने हट्ट धरला की नुसती रपेट नको, दिवसभर तबेल्यातली कामं करायची. मामांनी होकार दिला तो तीन अटींवर: उजाडायच्या आत यायचं, पायात चपला नकोत बूट हवेत, आणि घोड्याच्या मागे कुणी उभं राहायचं नाही.

हा लेख मागवणाऱ्या पुरवणीच्या संपादकांना यातून सुट्टीच्या दिवसाचा एक हसताखेळता वृत्तान्त हवा होता. चाचा आले नसते तर तो तसाच झाला असता.

माथेरानचा अधिकृत इतिहास कुठल्याही हॉटेलच्या माहितीपत्रकात मिळतो, म्हणून इथे झटपट उरकू. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांना सुमारे आठशे मीटर उंचीवरची ही थंड, झाडीने भरलेली जागा आवडली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचा पैसा घालून नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवर आगगाडी वर नेली, ती १९०७ मध्ये. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारींना इथे पहिल्यापासूनच मज्जाव. त्या दस्तुरी नाक्याला थांबतात, आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचं अडीच-तीन किलोमीटरचं अंतर पायी, छोट्या आगगाडीने, रिक्षाने नाहीतर घोड्यावरून कापायचं.

माहितीपत्रकात न येणारी गोष्ट अशी, की परवाना असलेले सुमारे ४६० घोडे हे या गावाचं वाहतूक खातं आहे. पर्यटकांचं वजन त्यांच्या पाठीवर असतंच, शिवाय पोती, सिलिंडर, बांधकामाचं सामान यातलं बरंचसं तेच वाहतात. गंमत म्हणजे घोड्यांचा स्वतःचा चारासुद्धा. गवत आणि कोंड्याची पोती टेम्पोने दस्तुरीपर्यंत येतात आणि पुढे ज्याने खायची त्याच्याच पाठीवरून तबेल्यात पोचतात.

मामांचा तबेला बाजाराच्या मागच्या उतारावर आहे. वर पत्रे, खाली लाल माती, दावणीला सहा जनावरं. दोन सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडा घेणं हे घोडेवाल्याच्या घरात लग्न ठरवण्याइतकंच मोठं काम. एक घोडी नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतली. एक काठेवाडी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. एक बुटकं, रुंद छातीचं तट्टू, ज्याला मामा ‘आपलं देशी’ म्हणतात. आणि सगळ्यांत टोकाला एक उंच, सडपातळ, किंचित तापट घोडा, रेसकोर्सवरून उतरलेला. पळायच्या वयात त्याचा भाव काय होता आणि इथे तो किती पैशांत आला, हे मामा सांगतात आणि स्वतःच मान हलवतात.

उजाडता उजाडता पहिलं काम लीद काढण्याचं. मुलाने नाक दाबून घेतलं. मुलीने घमेलं उचललं. घोडा दिवसाकाठी पंधरा-वीस किलो लीद टाकतो, त्यामुळे सहा जनावरांच्या तबेल्यात हे काम कधी संपलं असं होतच नाही. मग खरारा. घोड्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही ते अगदी शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. मागून गुपचूप आलेली वस्तू म्हणजे त्याच्या लेखी वाघ, आणि वाघाला उत्तर दुगाणीने. मामांच्या तिसऱ्या अटीचा अर्थ मुलांना इथे कळला. खरारा मानेपासून सुरू करून गोल गोल फिरवत पाठीवर न्यायचा, पायांच्या हाडांवर लोखंडी खरारा लावायचा नाही, तिथे नुसता ब्रश. पोटाखाली बेतानेच, कारण काही घोड्यांना तिथे गुदगुल्या होतात. काठेवाडीला होतात. तिने कान मागे चपटे केले, तसे मामांनी मुलाला दंडाला धरून हळूच बाजूला घेतलं. ‘कान बघायचे, बाळा. तोंड नंतर बोलतं, कान आधी बोलतात.’

चंदीच्या वेळी आईला राहवलं नाही. भिजवलेले हरभरे आणि कोंडा कालवून तोबऱ्यात भरायचं, तोबरा घोड्याच्या तोंडाला अडकवायचा. एवढा मोठा प्राणी आणि एवढीच मूठभर चंदी? तिने माप वाढवायला हात घातला आणि मामांनी तोबरा काढूनच घेतला. घोड्याचं जठर त्याच्या आकारमानाच्या मानाने लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. जास्त दाणा एकदम गेला तर तो पोटातच फुगतो, शूळ उठतो, आणि शूळ हे घोड्यांच्या मरणाचं नेहमीचं कारण आहे. दिवसभर थोडं थोडं गवत, मध्ये चंदी, पाणी मात्र भरपूर. गार दिवसातसुद्धा पंचवीस-तीस लिटर.

नऊच्या सुमाराला चाचा आले. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्यात कानस, पकड, तासायची सुरी, हातोडी, एक लहानशी ऐरण. नालबंद हा माणूस शोधून आणावा लागतो असे दिवस आले आहेत. चाचा एकाहून अधिक गावं फिरतात आणि माथेरानला आले की तबेल्या-तबेल्यांतून त्यांना बोलावणी सुरू होतात.

खूर म्हणजे आपल्या नखासारखाच वाढणारा पदार्थ. महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर. मोकळ्या रानात तो जितका वाढतो तितकाच झिजतो. पण पाठीवर माणूस घेऊन दगडगोट्यांतून रोज चढ-उतार करणाऱ्या घोड्याचा खूर वाढीपेक्षा जास्त झिजतो, आणि लोखंडाची गरज तिथे सुरू होते. पाच-सहा आठवड्यांनी जुना नाल काढायचा, वाढलेला खूर तासायचा आणि नाल पुन्हा ठोकायचा. चाचांनी घोडीचा पुढचा पाय उचलला तो ओढून नाही. खांद्याला खांदा लावून टेकले, नडगीवरून बोटं खाली नेली आणि सांध्याजवळ किंचित चिमटा काढला. पाय आपणहून वर आला. जुन्या खिळ्यांची वाकवलेली टोकं कानशीने उडवली, पकडीने नाल टाचेकडून हलवत हलवत सुटा केला. मग सुरी. पांढुरके काप मातीत पडत होते आणि मामांचा कुत्रा ते आवडीने उचलून नेत होता.

चाचांनी तळवा मुलीसमोर धरला. मधोमध इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एक रबरी गादी. पाऊल टेकलं की टाचा किंचित फाकतात, ही गादी दाबली जाते आणि खुरातलं रक्त वर ढकललं जातं. पाय उचलला की पुन्हा भरतं. गुडघ्याखाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तिथलं रक्त वर चढवायला ही चालच मदत करते. म्हणून खिळे फक्त खुराच्या पुढच्या अर्ध्या भागात. टाचेला खिळा मारला की फाकणं बंद, फाकणं बंद की पाय हळूहळू आखडत जातो. एवढं सांगून चाचांनी नाल खुरावर ठेवून बघितला, उचलला, ऐरणीवर डाव्या बाजूला दोन घाव दिले, पुन्हा ठेवला. ते नाल तापवत नाहीत, गारच घडवतात. पायाच्या मापाने नाल करायचा, नालाच्या मापाने पाय तासायचा नाही. ‘तासून बसवणारे पण आहेत,’ ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

खरा चमत्कार खिळ्यात आहे. दिसायला साधा, चपटा, चौकोनी डोक्याचा. पण टोकाजवळ त्याची एक बाजू उतरती घासलेली असते आणि डोक्यावर त्याच बाजूला एक खूण. खूण खुराच्या मध्याकडे ठेवून ठोकला की उतारामुळे खिळा आपसूक बाहेरच्या अंगाला वळत जातो आणि दीड-दोन सेंटीमीटर वर खुराच्या भिंतीतून बाहेर डोकावतो. उलटा धरला तर तो आत वळेल. म्हणजे साध्या खुणेवर जनावराचं चालणं-लंगडणं अवलंबून. चाचा खूण बघत नाहीत, अंगठ्याने चाचपतात. खिळा बाहेर आला की ताबडतोब हातोडीच्या मागच्या बाजूने टोक पिरगळून तोडायचं, कारण मध्येच घोडीने पाय हिसकला तर ते टोक चाचांच्या मांडीतून जाईल. उरलेला अंश वाकवून खुरात बसवायचा, वरून कानस. चाचांच्या मांडीवर तशी एक जुनी, लांब खूण आहे. मुलाने ती दाखवायचा आग्रह धरला. चाचांनी पायजम्याची दुमड वर केली.

दुपार उतरल्यावर रपेट. खोगीर घालून तंग आवळताना मामांनी काठेवाडीच्या पोटावर थाप दिली. ती तंग आवळायच्या वेळी पोट फुगवून उभी राहते. चार पावलं चालवून पुन्हा आवळला नाही तर खोगीर बसणाऱ्यासकट एका अंगाला फिरतं. डोक्यावर हेल्मेट, रिकिबीत पाऊल फक्त चवड्यापर्यंत, टाच खाली. पडायची वेळ आली तर पाय सुटला पाहिजे, अडकला नाही पाहिजे. मुलांना तट्टू आणि माळेगावची घोडी मिळाली. वडिलांचा प्रश्न जरा नाजूक होता. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत वजन घ्यावं असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबात रेसचा उंच घोडाच काय तो बसत होता, तोही जेमतेम. येताना चढावर वडिलांनी पायी यावं असा निकाल मामांनी दिला आणि तो घरच्यांनी एकमताने मान्य केला.

शार्लोट तलावाकडच्या वाटेवर लाल माती, जांभ्याचे खडे, वर झाडांचं छत. नवा नाल मातीत रुततो, कडेने पकड घेतो, पाऊल मोकळं पडतं. मुलगी थोड्याच वेळात दुडकीच्या तालावर उठ-बस करायला शिकली. मुलगा लगाम सोडून खोगिराला धरून बसला होता आणि तट्टू त्याची पर्वा न करता आपल्या ओळखीच्या वाटेने चाललं होतं.

परतीला मुख्य रस्ता लागला. इथे माती संपते आणि पेव्हर ब्लॉक सुरू होतात. तिथे पाऊल ठेवताच माळेगावच्या घोडीत जो बदल झाला तो घोड्यावर पहिल्यांदा बसणाऱ्यालाही जाणवेल. मान खाली गेली, पावलं आखूड झाली, प्रत्येक टाप टेकवण्याआधी क्षणभर चाचपणी. नालाचा आवाज बदलला. उताराच्या वळणावर तिचा मागचा डावा पाय वीतभर घसरला, तिने सावरलं, आणि मामांनी काही न बोलता दोन्ही मुलांना खाली उतरवून घेतलं.

घोडं पेंड खातंय ते इथे. जांभ्याची माती पावसाळ्यात वाहून जाते, रस्त्यांना ओहोळ पडतात, उन्हाळ्यात लाल धुरळा घशात जातो. म्हणून ब्लॉक आले आणि त्यांची कारणं खोटी नाहीत. चाकाला ब्लॉक सोयीचे आहेत. खुराला नाहीत. लोखंडाची पकड रुतण्यावर असते. कडक, गुळगुळीत तळावर, त्यातही ओल असेल तर, लोखंड घसरतं. चाचांना यावरचे उपाय ठाऊक आहेत. परदेशात डांबरी रस्त्यांवर चालणाऱ्या घोड्यांच्या नालांना टंगस्टन कार्बाइडची कठीण टोकं बसवतात, रबरी नालही मिळतात. ते इथल्या घोडेवाल्याच्या आवाक्याबाहेरचे, आणि शिवाय टोकं फार चांगली रुतली तर पाय जागच्या जागी अडतो आणि हिसका सांध्याला बसतो. माणसाचा रस्ता बदलला म्हणून जनावराचे गुडघे का बदलायचे, असं त्यांचं म्हणणं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ६ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, त्या ओढणाऱ्यांना गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा द्यायला सांगितल्या, आणि पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर असावेत, आतले रस्ते आणि पायवाटा मोकळ्या ठेवाव्यात असंही बजावलं. ई-रिक्षांचा पहिला प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये झाला होता. शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्यांचा उपयोग झाला, हे मामाही कबूल करतात. हातरिक्षा ही चालू राहण्याजोगी गोष्ट नव्हतीच. त्या चढावर भरलेली रिक्षा ओढणाऱ्याची मान एकदा पाहिलेल्या कुणाचंही याबद्दल दुमत होणार नाही.

पण हातरिक्षावाल्याला निदान नवं वाहन मिळण्याची भाषा झाली. घोडेवाल्याला काय? दस्तुरी ते बाजार हा त्याचा रोजचा, खात्रीचा धंदा. तो बॅटरीवर गेला की उरतो तो पॉइंट दाखवण्याचा, हौसेचा, शनिवार-रविवारचा धंदा. घोडा मात्र सोमवार ते शुक्रवारही खातो. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक बंद झाले तेव्हा माथेरानच्या घोड्यांना बाहेरच्या संस्थांनी पाठवलेल्या चाऱ्यावर दिवस काढावे लागले होते, तो काळ इथे कुणी विसरलेलं नाही. मुंबईचा दाखलाही सगळ्यांना माहीत आहे. व्हिक्टोरिया नावाच्या घोड्याच्या बग्ग्यांची रपेट उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवली, आणि पुढे त्याच नमुन्याच्या बॅटरीवरच्या बग्ग्या आल्या. घोडा गेला, बग्गी राहिली.

घोडेवाल्यांच्या बाजूनेच सगळं आहे असंही नाही. ४६० घोड्यांची लीद धरली तर दिवसाला सात ते नऊ टन भरते. ती वेळेवर उचलली गेली नाही तर उन्हात तिची धूळ होते आणि पावसात ती उताराने वाहत जाते. ती शार्लोट तलावात उतरते ही तक्रार जुनी आहे. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. दिवाळीच्या गर्दीत हे तास मोजतो कोण, असं विचारल्यावर मामांनी सरळ उत्तर दिलं नाही. आपले घोडे दुपारी बांधलेले असतात, एवढंच म्हणाले. त्यांच्या तबेल्यापुरतं ते त्या दिवशी खरं होतं. दस्तुरीला मात्र पाठीवर व्रण असलेली एक घोडी भर दुपारी गिऱ्हाइकाची वाट बघत उभी होती. लीद आणि वेदना हे दोन्ही प्रश्न घोडेवाल्यांच्या संघटनेने स्वतः हाती घेतले नाहीत, तर त्यांच्या वतीने निर्णय दुसरेच घेतील, आणि ते ब्लॉकसारखे वरून बसवले जातील.

संध्याकाळी चहा घेताना मामांनी बँकेतल्या वडिलांना मनातलं विचारलं. थोरला मुलगा कर्जतला कॉलेजात आहे. धाकट्याला घोड्यांची आवड आहे, पण त्याला नव्या घोडीसाठी पैसे हवेत. म्हशीला कर्ज मिळतं, रिक्षाला मिळतं, घोड्याला मिळेल का? वडिलांनी चहा बाजूला ठेवला आणि सवयीने सुरुवात केली. परवाना कुणाच्या नावावर आहे, जनावराचा विमा निघेल का, पशुवैद्याचा दाखला, जागेचे कागद. मग म्हणाले, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागेल.

‘पुरावा?’ मामांनी मागच्या उकिरड्याकडे बोट केलं. ‘तो बघा तिकडे. रोजच्या रोज वाढतोय.’

चाचा मोठ्याने हसले. त्यांची मजुरी अजून बाकी होती. ती वडिलांनी मोबाइलवरून द्यावी आणि मामांनी रपेटीच्या हिशेबातून वजा करावी, असं ठरलं. आकडेमोड मुलीने केली. मामांनी ती पुन्हा एकदा स्वतः करून पाहिली आणि दिवाळीत यायचं असेल तर भाव वेगळे असतील, हेही ताईंना आत्ताच सांगून टाकलं.